डाव्या हाताची कातरणी

जावईबापू, तुम्ही पाठवलेला अल्पाकाचा व्हिडिओ पाहिला. जनावर देखणं आहे, प्रश्नच नाही. पेरूच्या डोंगरातलं, उंटाच्या कुळातलं. त्याचे पुढचे पाय एका दोरीनं, मागचे दुसऱ्या दोरीनं ताणून त्याला आडवं पाडतात आणि वरून मशीन फिरवतात. त्याच्या केसाला तेल जवळपास नसतंच, केस तलम, वर्षातून एकदा कातरलं की काम संपलं. तिकडं ते ठीक आहे. पण मनोरजवळच्या तुमच्या एकरभर वाडीत ज्या उभ्या आहेत त्या बहुतेक दख्खनी मेंढ्या आहेत, काळ्या आणि करड्या, आमच्या पारनेरकडच्या. त्यांची लोकर जाडीभरडी, चिकट, आणि कातरायची वर्षातून दोनदा. अल्पाकाचा कायदा त्यांना लावायला जाल तर मेंढी घाबरी होईल आणि तुमचीही कंबर धरेल. तुम्ही कारखान्यातली माणसं, सगळं व्हिडिओवर शिकता. त्याला हरकत नाही. पण कातरणीला हात लावायच्या आधी चार गोष्टी माझ्याकडून ऐका.

पहिली गोष्ट दिवसाची. आमचे मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपासकटचे मुक्काम, दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून खाली यायचे. मुरबाड, कल्याण, भिवंडी, वाडा आणि तिथून इकडं पालघरकडं. भात कापलेल्या खाचरात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला मिळायचं, त्याबदल्यात तो तांदूळ द्यायचा. आजही येतात, तुम्ही हायवेवरून पाहत असाल. मात्र मृगाच्या आत सगळे घाट चढून वर गेलेले असतात. इथला पाऊस आमच्या मेंढीला मानवत नाही. खूर सडतात, खाचरातल्या गोगलगाईंवाटे यकृतातला कृमी लागतो, लोकर महिनोन्‌महिने ओली राहते आणि त्यात अळ्या पडतात. तुम्ही मेंढ्या बारमाही इथं ठेवणार म्हणजे आमच्या रीतीच्या उलटं चाललात, म्हणून कातरणीचं वेळापत्रकही तुम्हाला इथल्या पावसाकडं बघूनच ठरवावं लागेल.

एक कातरणी होळी ते पाडव्याच्या दरम्यान. थंडी सरलेली असते, उकाडा अजून चढलेला नसतो, आणि पावसापर्यंत अंगावर बोटभर लोकर परत येते. तेवढी हवीच. उघड्या कातडीवर पहिला वळीव पडला तर मेंढी कुडकुडते, छाती भरते, आणि मग डॉक्टरामागं धावाधाव. दुसरी कातरणी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, चित्रा नक्षत्राच्या सुमारास. यात एक इथलीच मेख आहे, वर घाटावरच्या माणसालाही ती पटकन सुचणार नाही. तुमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जो गवताचा माळ आहे त्यात कुसळी आहे. पाऊस संपला की ती पिकते आणि तिची कुसळं लोकरीत शिरतात. लोकर लांब असेल तर ती आतून पीळ घेत कातडीपर्यंत जातात, मेंढी अंग घासत बसते, आणि अशी लोकर पिंजायला कुणी घेत नाही, कारण पिंजणाऱ्याची बोटं फुटतात. म्हणून कुसळी पिकायच्या आत कातरून मोकळं व्हा. राहून गेलंच, तर गवत कापून माळ साफ होईपर्यंत मेंढ्या तिकडं सोडू नका.

मृगाच्या आधी मात्र एक छोटं काम करायचंच. शेपटीखालची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची लोकर कातरून टाकायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन हगवण लागते, ती लोकरीला चिकटते आणि माशी नेमकी तिथं बसते. अळ्या सुरुवातीला दिसत नाहीत. मेंढी शेपूट झटकायला लागली, मान मागं वळवून चावायला लागली, कळपापासून बाजूला उभी राहिली, की समजायचं आणि लोकर फाकवून बघायचं. आंत्रविषाराची लस त्याच सुमारास, मे-जूनमध्ये देतात. दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरका, म्हणजे मेंढ्या दोनदा पकडाव्या लागत नाहीत.

आता धुणं. आमच्यात कातरायच्या आधी मेंढ्या नदीत घालून धुवायची रीत आहे. अंगावरच मळ गेला की पुढं लोकर धुवायचे कष्ट अर्धे होतात आणि कातरीची धारही टिकते, कारण धार खरी मरते ती मातीनं. तुम्ही विहिरीच्या पाण्यानं धुवा. तुमच्या शेजाऱ्यानं सुचवलं म्हणून बोईसरच्या बाजूला कुठल्या नाल्यावर नेऊ नका. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचं पाणी मी नोकरीभर बघितलंय. त्या तारापूर वसाहतीच्या सांडपाण्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, ते उगाच नाही. खाडीचं पाणीही नको. मिठानं लोकर राठ होते आणि मेंढी अंग चाटते.

धुतल्यावर दोन दिवस कोरड्या, धूळ नसलेल्या जागी ठेवायच्या. वर पारनेरला एका दिवसात वाळतात, इथं हवेतच पाणी आहे. वरून कोरडी लागते आणि मुळाशी ओल असते. पाठीवरची लोकर दोन बोटांनी फाकवा आणि मुळाजवळचा पुंजका ओठाला लावा. बोटाला कळत नाही ती ओल ओठाला कळते. गार लागला तर त्या दिवशी कातर काढायची नाही. ओली कातरलेली लोकर गोणीत तापते, पिवळी पडते, कुबट वास धरते, आणि मग ती कितीही वाळवा, वास जात नाही. पहाटे दव असतं, तेव्हा नऊ-साडेनऊच्या आधी सुरुवातच नको.

आदल्या रात्री चारा बंद. पाणी प्यायली तर प्यायली, पण पोट रिकामं हवं. भरल्या पोटानं मेंढीला आडवं पाडलं की पोटातला चारा छातीवर दाब देतो, ती धापा टाकते, तडफडते, आणि तडफडणाऱ्या मेंढीवर कातर चालवणं म्हणजे जखमा मागून घेणं. रिकाम्या पोटी ती लेंड्याही कमी टाकते, लोकर स्वच्छ राहते.

गाभण मेंढ्या बाजूला काढा. शेवटच्या दीड महिन्यात असलेलीला पाडायचंच नाही, ती व्याल्यावर बघू. तुमच्याकडची ती जुळी देणारी जात आहे ना, फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा, तिच्या बाबतीत तर जास्तच जपा. सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा गुण दख्खनीत आणून ती तयार केली आहे. पोटात दोन असली की ओझंही दुप्पट आणि उलथवलं तर धोकाही दुप्पट. आणि ती पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, नाकाड असलेली जी तुम्ही जतच्या बाजारातून आणलीत, ती माडग्याळ. तिच्या अंगावर लोकर नावालाच असते. तिला कातरायचा हट्ट धरू नका.

आता पकडणं. नव्या माणसाची खोड म्हणजे मेंढी पळाली की तिच्या पाठीवरची लोकर मुठीत धरायची. कधीही नाही. लोकर ओढली की खाली कातडीत रक्त साकळतं, ते बाहेरून दिसत नाही. एक हात जबड्याखाली, दुसरा मागच्या मांडीपुढच्या खळगीत, आणि गुडघ्यानं हलकेच रेटत ती आपोआप बसेल अशी खाली घ्यायची. जमिनीवर ताडपत्री नको, ती तापते आणि खूर घसरतात. तागाची बारदानं उसवून अंथरा. वर मांडवाची सावली हवी. चारही पाय एकत्र, सुती दोरीनं, एक टोक ओढलं की सुटेल अशा गाठीनं बांधा. नायलॉनची दोरी घरात असली तरी वापरू नका, ती कातडी कापते आणि घाईत सुटत नाही. मान मोकळी ठेवा. मेंढीचं डोकं कुणीतरी धरायला हवं असेल तर आमच्या पोरीला बसवा. तिला लहानपणापासून सवय आहे, आणि ती बोलत राहिली की मेंढ्या गप्प राहतात.

इथवर आलात म्हणजे निम्मी कातरणी झाली असं समजा. माझ्या वडिलांनी कातर हातात द्यायच्या आधी मला किती तरी दिवस नुसता डावा हात चालवायला लावला होता. तुम्हाला तेवढा वेळ नाही, पण निदान एका मेंढीवर कातर बंद ठेवून हात फिरवून बघा. कातर उजव्या हातात असते, खरं काम डावा करतो. लोकर कधीच वर ओढायची नाही. ओढली की तिच्याबरोबर कातडीचा तंबू वर येतो आणि कातरीचं पातं बरोबर त्या तंबूतून जातं. नवशिक्याच्या दहातल्या नऊ जखमा अशाच होतात. त्याउलट डाव्या तळव्यानं कातडी मागं दाबून ताणायची, ढोलक्याच्या कातड्याइतकी सपाट करायची, आणि पातं त्या सपाट कातडीवर आडवं ठेवून पुढं सरकवायचं. टोक खाली झुकता कामा नये. पातं पूर्ण उघडून मोठा घास घ्यायचा मोह होतो, तो आवरा. अर्धं उघडा, अर्धं मिटा, आणि हात पुढं जात राहू दे.

सुरुवात पोटापासून. पोटाची लोकर आखूड, घाणेरडी, ती आधी काढून वेगळी टाकायची. मग पोटाच्या कडेनं पाठीच्या कण्याकडं पट्ट्या काढत जायचं. लोकर सुटत जाते तशी ती पाठीमागं पालथी पडत जाते, तिला उचलू नका, तिथंच राहू द्या. कण्यापर्यंत आलात की मेंढी दुसऱ्या कुशीवर घ्यायची. चांगला हात असेल तर सगळी लोकर एका गोधडीसारखी अखंड निघते. पहिल्या वर्षी तुमची तुकड्यातुकड्यांनी निघेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण एक गोष्ट टाळा: वर खुंट राहिले म्हणून त्याच जागेवरून परत कातर फिरवणं. दिसायला मेंढी सारखी दिसते, पण ते आखूड तुकडे सुतात धरत नाहीत, पिंजताना गळून जातात किंवा गाठी करतात. खुंट राहिले तर राहू द्या. मेंढीला तेवढं उन्हापासून आडोसाच होतो.

डावा हात कुठं झाकण म्हणून ठेवायचा ते पाठ करा. जांघेत आलात की तळवा सडांवर. हे विसरलात तर मेंढीचं सड कापलं जाईल आणि पुढच्या वेताला कोकरू त्या बाजूनं उपाशी. नरावर काम करताना तळवा लिंगाच्या पिशवीवर. मागच्या पायाच्या गुडघ्यामागं शीर असते, तिथं पातं कधी आडवं घ्यायचं नाही. बगलेतली कातडी कागदाइतकी पातळ असते. मानेला घड्या असतात, तिथं घडी पसरल्याशिवाय एकही घास घ्यायचा नाही. कानाची पाळी बोटांत धरून मगच कानामागं जायचं.

कापलं तर काय? खरचटल्यासारखं असेल तर हळद खोबरेलात कालवून लावा, माशी बसत नाही. मांस दिसत असेल तर हळदीवर विसंबू नका, 1962 ला फोन लावून सरकारी डॉक्टर बोलवा, टाका पडू द्या आणि धनुर्वाताची सुई द्या. गोठ्याच्या मातीत धनुर्वात असतोच. गोचिडांचं औषध कातरलेल्या दिवशी अंगाला लावायचं नाही. दहा-पंधरा दिवसांनी, ओरखडे भरल्यावर, डॉक्टरनं सांगितलेल्या मापानंच. तेव्हा लोकर आखूड असते, औषध थेट कातडीला लागतं आणि कमी पुरतं.

कातर कुठली, हे तुम्ही तीनदा विचारलंत. मशीन नको. आठ-दहा मेंढ्यांसाठी पैसा वाया. शिवाय मशीनची फणी तापते, आवाजानं या मेंढ्या बुजतात, आणि ती इतकी जवळून कापते की मार्चच्या उन्हात कातडी भाजते. न्यूझीलंडचे कातरकरी दिवसाला तीनशे मेंढ्या मोकळ्या करतात, त्यांना मशीन शोभतं. तुम्ही सकाळच्या दोन-तीन करा आणि जेवायला उठा. साधी हातकातर घ्या, पण धार स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मधूनमधून पाती रॉकेलच्या चिंधीनं पुसा, लोकरीचा चीक त्यावर बसला की कातर लोकर चावते, कापत नाही. काम झालं की तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवा. तुमच्याकडं समुद्राची हवा आहे, एका पावसाळ्यात गंजते.

आता लोकरीकडं या. आमच्या लहानपणी घोंगड्या विणणारे सनगर वाड्यावर येऊन लोकर न्यायचे. काळी वेगळी, करडी वेगळी, कारण घोंगडीला रंग देत नाहीत, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा. बायका सूत काढायच्या, सूत चिंचोक्याच्या खळीत भिजायचं, खड्ड्यातल्या मागावर पट्ट्या विणल्या जायच्या. आज कित्येक ठिकाणी लोकरीला जो भाव येतो त्यात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, म्हणून वाड्याजवळ लोकर पडलेली दिसते. हौस म्हणून पाळलेल्या आठ मेंढ्यांत तुम्हाला पैसा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका मेंढीची एका वेळची लोकर पाव ते अर्धा किलो. त्यातून मळ आणि चीक गेला की सगळ्यांची मिळून एक घोंगडी होईल न होईल. पण होईल तेवढी चांगली ठेवायची असेल तर पाठ आणि खांद्याची लोकर एका गोणीत, पाय-पोट-शेपटीची दुसऱ्या. गोणी सुती किंवा तागाची, प्लास्टिकची नाही. तळाशी सुकलेला कडुनिंब, आणि गोणी भिंतीपासून दूर टांगलेली, नाहीतर कसर लागते. धुवायची तर रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवा. चोळली, पिळली, गरम पाण्यातून गारमध्ये टाकली की तिची जेन, म्हणजे घट्ट बसलेली चटई, होऊन बसते. बसायला जेन हवी असेल तर गोष्ट वेगळी.

या शिमग्याला तुमची गेल्या पावसाळ्यानंतरची कोकरं पहिल्यांदा कातरली जातील. त्यांचं जावळ कुणालाही देऊ नका आणि मोठ्यांच्या लोकरीत मिसळू नका. कोकराची पहिली लोकर मऊ असते, परत कधी तितकी मऊ येत नाही. पूर्वी जावळाची घोंगडी सावकाराच्या घरी जायची. दोन-तीन वर्षांचं साठवलंत तर नातवंडापुरती एक विणून घेता येईल. माढा-मंगळवेढ्याकडं अजून माग चालतात, मी चौकशी करतो.

पायाची, पोटाची, घाणीची लोकर फेकून देऊ नका. तुमच्याकडं चिकूची झाडं आहेत. आळ्यात पसरा, वर माती टाका. उन्हाळ्यात ओल धरून ठेवते आणि सावकाश कुजून खत होते. हे मला घोलवडच्या एका बागायतदारानं शिकवलं, आमच्या लोकांना सुचलं नव्हतं.

कातरल्यावर पहिले पाच-सहा दिवस मेंढ्या दहा ते चार सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ चारा. एकमेकींना ओळखत नाहीत, टकरा घेतात, ते दोन दिवसांत थांबतं. घाबरून मध्ये पडू नका.

आणि शेवटचं, एवढं सगळं वाचून पहिल्या वर्षी एकट्यानं सुरू करू नका. फाल्गुनात वाडा-मनोरच्या रस्त्याला वाडे उतरलेले असतात. संध्याकाळी जा, मेंढ्या बसल्यावर, दिवसा कुणी भेटायचं नाही. कुत्री सोडलेली असतात, लांबूनच हाक मारा. कारभारी कोण ते विचारून त्याच्याशीच बोला. मजुरी मेंढीमागं ठरवा आणि घासाघीस करू नका. त्या माणसाचा त्याच्या स्वतःच्या कळपातला अर्धा दिवस जातोय. जेवायला घाला. तो कातरत असताना मोबाईल बाजूला ठेवून त्याच्या डाव्या हाताकडं बघत बसा, आणि शेवटची मेंढी त्याच्यासमोर तुम्ही घ्या. तो हसेल, हसू द्या. जायच्या वेळी त्याला लोकर हवी का विचारा, बऱ्याचदा ते करगोटा-दोरा वळायला काळी लोकर मागतात. आणि पुढच्या चित्रा नक्षत्रातल्या कातरणीसाठी त्याचा नंबर घेऊ नका, तेव्हा तो वर पारनेरला असेल. तोवर तुम्हाला जमायला हवं. नाहीच जमलं तर मी येतो, फक्त बोईसर स्टेशनवर गाडी पाठवा, आता एवढं चालवत नाही.